जावई पत्ते खेळतात

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी चुडाव्याला मेव्हण्याच्या अंगणात चहा पीत बसलो होतो. "बाबा, सुशील गेले," एवढंच ती बोलली. मी वैतागून विचारलं, "पुन्हा गोव्याला? आत्ता कुठं घरी आले होते ना?" मग तिच्या शेजारणीनं फोन घेतला आणि हळू आवाजात सांगितलं, "काका, ते गोव्यातच होते. गेले म्हणजे... वारले." माझ्या एकुलत्या एका जावयाच्या मरणावर माझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द हे असे. त्याबद्दल लोक मला नावं ठेवतात. ठेवू देत. त्याच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवणं मी कधीच सोडून दिलं होतं, आणि ही पाळी त्यानंच आणली होती. पेपरच्या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे हे मला ठाऊक आहे. मला ते जमायचं नाही.

सुशील राणीसावरगावचा. बाप कोरडवाहू जमीन कसणारा, भाऊ तेच करणारा, आणि हा धाकटा मात्र गणितात असा तेज की गावातून पुण्याला इंजिनिअर व्हायला गेलेला. प्रज्ञा तेव्हा पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. तिथंच दोघांचं जमलं. तो आमच्या पूर्ण्याच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी रीतीप्रमाणं विचारलं, काय करता? तो सरळ म्हणाला, "नोकरी सोडली मामा. पोकर खेळतो." मला शब्द कळला नाही. "म्हणजे काय करता?" तर म्हणाला, "पत्ते खेळतो. कंप्युटरवर. पैसे लावून." प्रज्ञाच्या आईला वाटलं, पोरगा गमतीचा आहे. ती हसली. लग्नाआधीच सासऱ्याला म्हणतात तसं मला 'मामा' म्हणत होता त्याचाही मला राग आला होता, पण तो कंप्युटर हा शब्द बोलला आणि घरातल्या बायकांनी तेवढाच ऐकला. मी विरोध केला. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, त्यानं खोटं सांगितलं असतं तर तुमी हो म्हणला असता." विहारात लग्न झालं, दोघांनी परभणीत वसमत रोडला घर भाड्यानं घेतलं, तिनं औषधाच्या दुकानात नोकरी धरली आणि त्यानं आतल्या खोलीत कंप्युटरचे दोन पडदे लावून आपला धंदा मांडला. तो त्याला 'काम' म्हणायचा. "मामा, कामावर बसायलोय, नंतर बोलू."

मी रेल्वेत गार्ड होतो. पूर्णा जंक्शनच्या माणसाला गार्ड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो, गाडीच्या शेवटच्या डब्यात झेंडी घेऊन उभा असतो तो. माझ्या सेवानिवृत्तीच्या सत्काराला मोठे साहेब आले होते. मी सुशीलची ओळख करून दिली, "हे आमचे जावई, कंप्युटर इंजिनिअर." साहेबांनी कौतुकानं विचारलं, कुठल्या कंपनीत? माझा हा जावई, नवा सदरा घातलेला, हातात पेढ्याचा बॉक्स धरलेला, नम्रपणे म्हणाला, "कंपनी न्हाई साहेब. मी पत्ते खेळतो." साहेब हसून पुढं गेले. इतकी वर्षं मी गाडीवर काढली, कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि त्या एका दुपारी साऱ्या स्टेशनात मी पत्तेवाल्याचा सासरा झालो. घरी आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. तो शांत. "मला लाज वाटत न्हाई मामा. तुमाला वाटती, तर ते तुमचं दुःख." असं बोलायचा. कधी आवाज चढला नाही, कधी दारूचा थेंब नाही, कधी प्रज्ञाला उलट शब्द नाही. दारू पिऊन धिंगाणा घालणारा जावई असता तर मला चार माणसं गोळा करता आली असती. याच्याविरुद्ध मी कुणाला बोलावणार होतो?

आणि चांगले दिवसही आले, ते लपवत नाही. एक-दोन वर्षं तर अशी गेली की राणीसावरगावच्या घरावर स्लॅब चढला, त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दारात मोटार आली. प्रज्ञाच्या आईला तो विमानानं गयेला नेऊन आला. ती अजून खिडकीतल्या ढगांचं सांगते. मग उतरती कळा. मोटार गेली. घर बदललं, मग पुन्हा बदललं. प्रज्ञाच्या एकटीच्या पगारावर चूल चालली. एकदा जेवताना मी विचारलं, कसं चाललंय. म्हणाला, "खेळ बरोबर चाललाय मामा. पत्ते साथ दीनात."

"म्हंजे हरायलाव."

"बरोबर खेळून हरायलोय. ते येगळं असतं. लांब पल्ल्यात हिशेब जुळतो."

"सुशीलराव, सिग्नल लाल असताना मी एकदा जरी गाडी सोडली असती ना, तर लांब पल्ला बघायला कोणी उरलं नसतं."

तो हसला. म्हणाला, "म्हणूनच तुमी गार्ड झालाव." हे त्यानं कौतुकानं म्हटलं की टोमणा मारला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण या कशाबद्दल माझी त्याच्यावर खरी अढी नाही. अढी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. प्रज्ञाच्या आईनं दर दिवाळीला लेकीला तेच विचारावं आणि दर दिवाळीला तिनं तेच सांगावं... एवढं वर्ष जाऊ दे. दिवस चांगले असले की तो म्हणायचा, आता जम बसायलाय, लक्ष दुसरीकडं नको. वाईट असले की म्हणायचा, अशात मूल कसं आणायचं. चढ असो की उतार, मूल नको याला कारण तयार. अशी वर्षं गेली आणि मग डॉक्टरांनीच सांगितलं की आता अवघड आहे. माझी पोरगी त्या दिवशी दुकानात कामाला गेली, संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकांना औषधं दिली आणि घरी येऊन त्याच्यासाठी वरण-भात टाकला. तो पडद्याआड कामावर होता. हे मी विसरणार नाही. तो मेला म्हणूनही विसरणार नाही.

मग सरकारनं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. टीव्हीवर बातमी लागली तशी मी उठलो, पूर्ण्याहून गाडी धरली आणि पेढे घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. बॉक्स त्याच्यापुढं उघडून धरला. त्याला कळलं मी कशासाठी आलोय. त्यानं एक पेढा उचलला, सावकाश खाल्ला आणि म्हणाला, "लय चांगला हाय मामा. कुठून आणला?" मला वाटलं, संपलं एकदाचं. हुशार माणूस आहे, शिकवण्या घेईल, कुठं नोकरी धरेल. महिन्याभरात तो गोव्याला निघाला. तिथं बोटीवर समोरासमोर बसून खेळायला परवानगी आहे म्हणे. एखादा महिना तिकडं, आठ-दहा दिवस इकडं. शुगर होती, गोळ्या प्रज्ञा मोजून द्यायची, तो तशाच परत आणायचा. शेवटच्या दिवशी दुपारपासून छातीत जळजळ होत होती. बरोबरच्यानं सांगितलं, चल डॉक्टरकडं. यानं सोडा मागवला आणि बसून राहिला. पत्ते चांगले लागत होते म्हणे.

राणीसावरगावला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, गावातले बोलले. मग नागपूरहून आलेला एक तरुण उभा राहिला. बोलता बोलता रडायला लागला. दादांनी, म्हणजे आमच्या सुशीलनं, म्हणे त्याला पत्त्याच्या टेबलावरून हाताला धरून उठवलं होतं. म्हणाले होते, तुला हे जमणार न्हाई, तुझं घर बुडंल, जा, नोकरी कर. तो गेला. आता बँकेत आहे, त्याला मुलगी झाली आहे. कार्यक्रम आटोपल्यावर मी त्याला मांडवाबाहेर गाठलं. "बाबा रे, तुला उठवलं, मग तो स्वतः का नाही उठला?" तो पोरगा माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय. "काका, त्यांना का उठायचं? दादांना जमत होतं ना..."

परक्या घराचं भलं सुशीलला इतकं स्पष्ट दिसत होतं. माझ्या लेकीच्या घराकडं बघताना मात्र त्याच्या डोळ्यांवर कुठला पडदा होता? जमत होतं म्हणून तो बसला, बसला म्हणून गेला. न जमणारा असता तर आज परभणीत कुठंतरी शिकवणी घेत असता.

आता प्रज्ञा आमच्याकडं पूर्ण्याला असते, रोज गाडीनं परभणीला कामाला जाऊन येते. मागच्या आठवड्यात तिची आई बाहेर गेली होती म्हणून मी वाढायला होतो. "आणखी भाकरी घे गं," मी म्हणालो. तिनं मान वर केली नाही. दोन बोटांनी ताटाशेजारी हलकंच टकटक केलं. सुशील असंच करायचा. डावात काही लावायचं नसलं की पोकर खेळणारे टेबलावर तसं वाजवतात, आणि त्याला ती सवय जेवतानाही होती. भात नको, चहा नको, बोलायला नको, की दोन बोटं वाजवायची. मला त्याची चीड यायची. प्रज्ञाला ती आपलीच बोटं वाजली हे कळलंसुद्धा नाही, ती खाली बघून वरण कालवत राहिली. मी भाकरी हातात धरून तसाच उभा होतो. जाताना एवढं तरी बरोबर घेऊन जायचं होतं त्यानं.