गंगूबाईचं मागं रेलणं

कोळवणच्या खोऱ्यात गवत कापणाऱ्या बायका पुष्कळ, पण डोक्यावर भारा घेऊन वाघजाईचा उतार उभ्यानं उतरणारी एकटी गंगूबाई. दिवाळी सरली की तिथलं गवत पिवळं पडतं आणि इतकं गुळगुळीत होतं की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते. गंगूबाई मात्र खुशाल उतरायची. अंग मागं रेललेलं, टाचा रोवलेल्या, आणि पाय सुटलाच तर भारा टाकून सरळ बूड टेकायचं. गावात आलेल्या नव्या सुनांना ती हेच शिकवायची. "फुडं वाकलीस तर मेलीस," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिच्या हाताखालची एकही बाई आजवर जायबंदी झाली नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, कारण दुसरं कुणी सांगेल याचा तिला भरवसा नव्हता.

तिचा एकुलता एक मुलगा सोपान याच उतारावर चालायला शिकला आणि पुढे फौजेत गेला. एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतर तो दोन महिन्यांच्या रजेवर आला, तेव्हा एसटीतून उतरताना त्याचा उजवा पाय किंचित ओढला जात होता. ट्रंक लागली, म्हणाला. फौजी माणूस खोटं बोलत नाही अशी गंगूबाईची समजूत होती, त्यामुळे तिनं पुढं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो उताराच्या पायथ्याशी येऊन बसला. आई भारा घेऊन खाली आली, तिनं भारा टाकला, पदरानं तोंड पुसलं.

"आये," तो म्हणाला, "ह्या मागं रेलण्यानंच माजा गुडघा मोडला."

पोरगा चेष्टा करतोय असं वाटून ती हसली. तो हसला नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. काश्मिरात त्यांना बर्फावरून उतरायला शिकवतात. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधायच्या आणि डोंगरावरून खाली घसरत यायचं.

"उस्ताद वरडत व्हता, आगे झुको, आगे झुको. मला कळत व्हतं गं. पर उतार दिसला की अंग आपोआप मागं जातंय. मागं गेलं की पट्ट्या म्होरं पळत्यात. मग वळता येत न्हाई का थांबता येत न्हाई. समदी पोरं वळत वळत उतरली. मी बूड टेकलं."

"बूड टेकून कुणाचा गुडघा मोडतो व्हय?"

"बर्फावर मोडतो. गेल्या थंडीत दोन महिनं दवाखान्यात व्हतो. तुला कळवलं न्हाई."

ज्या गोष्टीनं गंगूबाईनं पोराला जगवलं, त्याच गोष्टीनं तो मोडला, हे तिच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

"जानेवारीत पुन्हा बोलावलंय," सोपान म्हणाला. "जमलं न्हाई तर तुकडीतनं काढत्याल. आन कसंबसं निभावलं, तर वर चौकीच्या वाटंला चुकंन. तितं मी एकटा न्हाई पडायचा. माज्या संगतीची पोरं बी जात्याल."

ती भारा उचलून घरी गेली. सोळा वर्षांपूर्वी तिचा नवरा कोंडिबा याच उतारावर गेला होता. पाय सुटला तेव्हा भारा वाचवायला तो पुढं वाकला, आणि खाली ओढ्याच्या काठी पालथा सापडला. गंगूबाईचं ते ठरलेलं वाक्य त्या दिवसाचं होतं. आता तिचाच मुलगा सांगत होता की जगायचं तर पुढं वाकायला हवं.

सरावासाठी सोपाननं जाड बांबू उभा चिरला, टोकं विस्तवावर शेकून वर वळवली, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबनं ते पायांना बांधले. बांबूची गुळगुळीत पाठ गवतावरून सरसर धावायची. पहिल्या दिवशी तो सहा वेळा पडला, सहाही वेळा बुडावर. शेजारची फुलाबाई कापणी सोडून बघत बसली. "पोरगं फौजेत हाय का तमाशात?" तिनं विचारलं. गंगूबाईनं तिकडं पाठ केली आणि विळा चालवत राहिली.

पाचव्या दिवशी तो तिच्याकडं आला. "आये, खाली जाऊन हुबी ऱ्हा."

"मी कशाला?"

"वरनं खाली बघितलं की तुजा आवाज येतोय. फुडं वाकलास तर मेलास. काश्मिरात बी आला. माज्याच्यानं त्यो मोडत न्हाई. तुजा हाय, तूच मोड."

आपला आवाज इतक्या लांब जाऊन पोराच्या गुडघ्यात बसला असेल, असं गंगूबाईला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. विळा टाकून ती उतरली आणि ओढ्याच्या अलीकडं उभी राहिली. सोपान वर उभा होता, लहान दिसत होता. तिनं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज निघाला नाही.

"आये," वरून हाक आली.

"फुडं वाक," ती म्हणाली. आपल्याच कानांवर तिचा विश्वास बसेना. मग ती ओरडली, "फुडं वाक, सोप्या. गुडघं वाकीव. पायाकडं बगू नगं, माज्याकडं बग. आजून फुडं ये."

तो सुटला. छाती गुडघ्यांवर, हात समोर. उताराला आडवा गेला, दरीकडच्या पायावर भार टाकला, वळला, पुन्हा आडवा गेला. प्रत्येक वळणाला त्याचा वेग मोडत होता. तो एकदाही बसला नाही. तिच्यापासून दोन हातांवर त्यानं बांबू आडवे केले, थांबला आणि हसला.

गंगूबाईनं त्याच्या थोबाडीत दिली.

कापणाऱ्या बायकांचे विळे थांबले.

"तुजा बा असाच फुडं वाकला व्हता," ती म्हणाली.

सोपान गालावर हात ठेवून उभा राहिला. तिनं त्याच्या सदऱ्यावरचं गवत झटकलं, मग बराच वेळ नुसतीच झटकत राहिली, झटकायला काही उरलं नव्हतं तरी.

"जा वर," शेवटी ती म्हणाली. "पुन्यांदा ये. वळताना तुजा डावा पाय हलका पडतोय, त्यो दाब."