बिबळ्याचा दुसरा पेला

पहिला पेला मीच वाया घालवला, म्हणून राजूरला पुन्हा जावं लागलं. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. भिंगारला माझी लाकडाची वखार. बायकोला, सुमनला, साखरेचा आजार. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. वैद्यबुवा म्हणाले, बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणीही द्या. मी हौसेनं पेला आणला आणि लाकूड तडकू नये म्हणून वखारवाल्याच्या सवयीनं त्याला जवसाचं तेल पाजलं. सकाळी पाणी जसंच्या तसं. रंगाचा टिपूस नाही!

"या खेपेला मलाही न्या. भंडारदऱ्याचं धरण तरी बघू," सुमन म्हणाली.

"एसटीत हाडं खिळखिळी होतात. पुढच्या खेपेला."

नगरहून पहाटेची गाडी, संगमनेरला बदलायची. अकोले गाव सोडलं की रस्ता कमी, खड्डे जास्त. मागच्या बाकावर एक जोडपं भांडत होतं.

"सरका की वाईच!"

"आता काय टपावर बसू?"

माझ्या शेजारी मात्र नुसती पिशवी.

राजूरचे पेढे नामी. पावशेर घेतले आणि मग आठवलं, घरी नेऊन उपयोग नाही. स्टँडवर बसून एकट्यानं खाल्ले. चौथ्याला चव उरली नाही.

बरकू सुतारानं जुना पेला हुंगला. "लाकडाचा धंदा करता न् लाकडाचंच त्वांड बंद करता व्हय, शेट?"

"चुकलो, बाबा."

"गाभ्याचा रस पान्यात उतरतो, त्योच गुन. वरचं पांढरं लाकूड बी चालत न्हाई. अन् त्याल तर लावूच नगा." लालसर गाभा कातता कातता त्यानं विचारलं, "वहिनी न्हाई आल्या?"

"पुढच्या खेपेला."

"धरन हितनं जवळच हाय. बघून तरी जावा."

एकट्यानं काय बघायचं? परतीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सुमननं पेल्यातलं पाणी काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरलं. कोऱ्या चहासारखं, पण कडेला निळी झाक. ती बघतच राहिली.

"धरणाचं पाणी असंच निळं दिसतं का हो?"

"अगदी असंच," मी म्हणालो.

पेल्याचा रंग हळूहळू उतरला, मग संपला. पुढची खेप काही झाली नाही. सुमनला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. रस्ता हल्ली झकास आहे, तुम्ही जरूर जा. शेजारची सीट रिकामी ठेवू नका. धरणाचं पाणी कुठून छान दिसतं, ते मात्र मला विचारू नका. राजूरच्या पुढे मी कधी गेलोच नाही.