कळलावीला कोणी घर देतं का घर?

माणसानं झाड लावलं की फूल येईल न येईल, किस्से मात्र हमखास येतात. मी मालेगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, झाडं हा आपला फुकटचा नाद. शेजारी रहीमभाईचं टेलरिंगचं दुकान. सकाळचा चहा तिथंच, सोबतीला रिटायर देशमुख गुरुजी. हे आमचं मंडळ!

शिरपूरच्या वाटेवर जंगलाच्या कडेला श्रावणात कळलावी फुलायची, लाल-पिवळी. रस्ता रुंद करायला जेसीबी आला आणि एकच वेल उरली. मी तिचा कंद काढून कुंडीत लावला. आता ही जगवायचीच! पण ठेवायची कुठं? आमच्याकडं पक्की समजूत आहे, कळलावी दारात आली की घरात भांडण लागतं.

*

आईनं कुंडी पाहिली. "कायले आणली हे? भांडणं लागतात इच्यानं!"

मी म्हटलं, "काही नाही होत माय."

बायको म्हणाली, "होते."

"नाही होत!"

"होते म्हणते ना मी!"

आमचा आवाज चौकापर्यंत गेला. आई पोहे निवडता निवडता बोलली, "लागलं का नाही?"

कुंडी घराबाहेर!

*

रहीमभाई दिलदार माणूस. "ठेव आपल्या खिडकीत. इथं गिऱ्हाइक तसंही रोजच भांडते!"

या वेलीच्या पानांची टोकं कुरळी असतात. जे सापडेल ते धरून ती वर चढते. खिडकीजवळ एका नवरदेवाची शेरवानी टांगलेली, तिकडं दोन-चार दिवस कोणाचं लक्षच नाही. नवरदेव ट्रायलला आला, तर बाहीला विळखा!

तो कात्री शोधायला लागला. मी आडवा झालो, "कापू नका, एकच वेल हाय!"

"मंग काय कुंडी घेऊन निकाहले बसू?"

रहीमभाई शांतपणे एकेक टोक सोडवत म्हणाला, "घाई नका करू मियाँ. माप घेऊन राह्यली ते!"

नवरदेव काही हसला नाही. कुंडी दुकानाबाहेर.

*

मग गुरुजींनी नेली. त्यांच्याकडं ती फुलली! कळलावीचं फूल मान खाली घालतं आणि पाकळ्या वर वळवतं. मी हौसेनं पाहायला गेलो, तर प्रत्येक फूल पांढऱ्या दोऱ्यानं काडीला ताठ बांधलेलं!

"गुरुजी, हे काय केलं?"

"उलटी उमलून राह्यली होती. माह्या वर्गात कोणी मान खाली घालून बसलं नाही आजवर!"

दिवाळीत वेल वाळली. ती दरवर्षी वाळते, कंद मातीत झोपतो, हे सांगायचं मी विसरलो. गुरुजींनी बापडे चार लोक बोलावून चहा-बिस्किटावर तिची तेरवी केली! पावसाळ्यात कोंब आला तसे माझ्यावर बरसले, "जिती होती तं सांगायचं ना! मी भाषण केलं तिच्यावर!"

रागानं कुंडी परत माझ्या दुकानात.

*

तिथं रिठदच्या गोदाकाकू मोटार घेऊन आल्या.

"हे तेच ना, भांडण लावणारं?"

मी ओशाळलो. "लोक म्हणतात तसं, काकू."

"मंग मले दे."

"कायले?"

"आमचा बुढा बोलतच नाही रे. पोरीनं तिच्या मनानं लग्न केलं, तवापासून अबोला. मी आईच ना तिची, म्हणून माह्याशीबी. वाढलं का जेवते, उठून जाते. भांडला तरी चालीन, बाबू."

मी कुंडी त्यांच्यापुढं सरकवली. म्हटलं, "न्या. कंद विषारी हाय, शेळ्या दूर ठेवजा. पाणी बेतानं घालजा."

श्रावणात फोन वाजला. पलीकडं एक म्हातारा माणूस तावातावानं, "तूच काय रे तो झाडवाला? सांग या बाईले, पाणी किती घालायचं! चिखल करून ठेवला! फूल आलं म्हून काय बुडवते काय त्याले?"

मागून काकूंचा आवाज, "इतके दिवस तोंड उघडलं नाही, आता मले शिकवता?"

"शिकवीन! चूक ते चूक!"

"माही नाही, तुमची चूक!"

"माही? लाव पोरीले फोन! तिलेच विचारू, कोणाची चूक हाय ते!"

आणि माझा फोन कट झाला.