पुंडलिकनगरला गॅप आहे

माझा राग आमच्या घराण्याचा आहे. वडील बैलाला मारत नसत, पण बैल अडला की स्वतःच्या कपाळावर मारून घेत. थोरला भाऊ समोर दिसेल त्याला मारतो. मी शिकलो, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलो, म्हणून यंत्रांना मारतो. कंट्रोल रूममधल्या सर्व्हरच्या पत्र्यावर माझ्या बुटाचा एक पोचा आहे, तो दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षातला.

शहराला पाणी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी कामाला होतो. प्रत्येक टाकीवर एक छोटं यंत्र बसवलेलं होतं. माझा लिनक्सचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी त्या यंत्राला टाकीची पातळी विचारायचा आणि पडद्यावर ग्राफ काढायचा. टाकी भरली की रेघ वर, व्हॉल्व्ह उघडून वस्तीला पाणी सोडलं की रेघ खाली. धरण तळाला गेलेलं आणि शहर मात्र चारी बाजूंनी पसरत चाललेलं. काल ज्वारी होती तिथं आज रो-हाऊस, आणि सगळ्यांच्या तोट्या त्याच जुन्या पाइपावर. आमच्या भागाला आठव्या दिवशी पाणी यायचं. दोन पाण्यांमधल्या दिवसांना लोक 'गॅप' म्हणत. लग्नाची तारीखसुद्धा गॅप बघून काढत. "तुमच्याकडं किती दिवसांचा गॅप?" हा प्रश्न तब्येत विचारावी तसा विचारला जाई.

आणि आम्ही कंट्रोल रूमवाले ग्राफ मध्येच तुटला की त्यालाही गॅपच म्हणायचो. हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी राहतोय, हे मला कधी सुचलं नाही.

त्या दिवशी सकाळी सर्व्हरची डिस्क भरली. ग्राफच्या सगळ्या फाइली मी नव्या डिस्कवर हलवल्या. साडेनऊला काम संपलं, चहा प्यायलो, परत येऊन बघतो तर सगळे ग्राफ साडेनऊपासून पांढरे. एकाही टाकीची रेघ पुढं सरकलेली नाही. टाक्यांवरची यंत्रं तपासली, चालू. नेटवर्क तपासलं, नीट. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा पांढरं. केबल टाकणाऱ्याला फोन करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याची काही चूक नव्हती, हे आज लिहितोय. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेलेली होती आणि पत्र्यावरचा तो पोचा तेव्हाच पडला.

अकराला आमच्या पुंडलिकनगरची पाळी होती. अकरा वीसला भावाचा फोन आला. "पानी सुटलं का रं? इथं तोटीला थेंब नाय." पाणी शेवटच्या गल्लीत पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो, हे मला माहीत होतं. तेवढं एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. पण मी पांढऱ्या पडद्याकडे बघत ओरडलो, "पुंडलिकनगरला गॅप आहे, ठेव फोन!"

भावाने फोन ठेवला आणि गल्लीत जाऊन सांगितलं, आपली पाळी उडवली, खुद्द कंट्रोल रूममधून कळलंय.

आठ दिवस रिकाम्या पिंपांकडे बघितलेली माणसं होती ती. व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी पोचली तेव्हा आमच्या भागाचा लाइनमन चावी टेकवून तिथंच बसलेला होता. ही चावी म्हणजे पुरुषभर उंचीचा लोखंडी दांडा, तिनेच व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद होतो. लाइनमन धनगराचा. कळप चाऱ्यावाचून मोडला, तेव्हा शहरात येऊन रोजंदारीवर लागलेला. त्याच्या हातात चावी दिसली आणि लोकांनी ठरवून टाकलं की हा आताच पाणी बंद करून बसलाय. पहिली चप्पल एका बाईने मारली. मग हंडे, मग लाथा. भावाने चावी हिसकावली आणि तिच्याच दांड्याने त्याच्या उजव्या हातावर दोन घाव घातले. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या दुकानापर्यंत गेला, असं दुकानदार सांगायचा. लाइनमन खड्ड्याच्या कडेला पडून एवढंच ओरडत होता, "सोडलंय हो पानी, आईच्यान सोडलंय!" कुणी ऐकलं नाही. भावाने चावी व्हॉल्व्हला लावून फिरवली आणि जमाव तोट्यांकडे पळाला.

तोट्यांना पाणी आलं नाही. लाइनमनला घाटी दवाखान्यात नेलं.

इकडे मला सव्वाबाराला बिघाड सापडला. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो. मी फाइली हलवल्या त्या रूट होऊन, म्हणजे सगळ्यांचा बाप होऊन. त्यामुळे सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या आणि पातळी लिहिणारा बिचारा प्रोग्रॅम दारातच अडला. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर दर पाच मिनिटांनी एकच ओरड होती, परवानगी नाकारली, परवानगी नाकारली. एका ओळीच्या आज्ञेने मालकी परत केली आणि रेघा चालू झाल्या. साडेनऊ ते सव्वाबारा मात्र पांढरा पट्टा राहिला. दुपारी मारहाणीची बातमी आली, तेव्हा मलाही वाटलं, लाइनमनने काहीतरी केलंच असणार.

साहेबांनी चौकशी लावली. लाइनमन म्हणे, अकराला उघडलं. साहेब म्हणाले, मग पाणी का आलं नाही? ग्राफ दाखवा. ग्राफ कोरा. आठवडाभरात त्याला कामावरून काढायचं ठरलं. चूक त्याचीच धरल्यामुळे मारहाणीची तक्रारही कुणी नोंदवली नाही. मोडका हात गळ्यात बांधून तो माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, तुमच्या मशिनीत दिसत आसंल ना? मी चोर नाय. मेंढरं गेली तरी कुनाचं एक कोकरू लपवलं नाय मी." मी म्हणालो, मशिनीत काही नाही. मान वर न करता म्हणालो.

त्या संध्याकाळी जेवताना भाऊ गल्लीतल्या पाहुण्याला आपला पराक्रम सांगत होता. "चावी लावली, तर एका अंगानं हलंना. दुसऱ्या अंगानं फिरवली, तर भराभरा फिरली. पुरा उघडला म्या, तरी पानी नाय! लाइनच कोरडी सोडली होती हरामखोरानं."

माझा घास हातातच राहिला. व्हॉल्व्ह एका बाजूने हलत नव्हता, कारण तो आधीच पूर्ण उघडलेला होता. भावाने आमचं पाणी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

पाहुणा गेल्यावर मी हे त्याला सांगितलं. त्याने माझी गचांडी धरली. "मग फोनवर गॅप हाय म्हनला कोन? तू ना?" तोवर तो फोन मला आठवलाही नव्हता. आठवला आणि मी थोरल्या भावाच्या थोबाडीत मारली. खरं तर मारायची होती स्वतःच्या. त्याने माझा चष्मा फोडला, मी त्याला कपाटावर आपटलं. वहिनी मध्ये पडली तेव्हा दोघांच्याही तोंडाला रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी फुटक्या चष्म्याने तो लॉग पुन्हा वाचला. दर ओरडीच्या शेवटी, जो आकडा लिहू दिला नाही तो आकडा होता. फाइलीत शिरला नव्हता, पण दारात ठेवलेला होता. आमच्या टाकीचे आकडे अकरा पाचपासून उतरत होते आणि अकरा पस्तीसला जागच्या जागी थांबले होते. अकरा पस्तीसला लाइनमन मोडका हात घेऊन जमिनीवर पडलेला होता, याला अख्खी गल्ली साक्षीदार होती.

मी कागद छापला आणि आधी भावाला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "हा दिलास तर मी आत जानार. हर्सूलच्या जेलला डबा घिऊन येशील का?" मी म्हणालो, येईन. तो कागद फाडायला धावला. मी दुसरी प्रत ऑफिसात ठेवली होती. भाऊ मला ओळखतो, तसा मीही त्याला ओळखतो.

कागद साहेबांकडे गेला, तिथून पोलिसांत. लाइनमनचं काम वाचलं. भावाला अटक झाली, मग जामीन. वहिनीने चूल वेगळी मांडली. भाऊ आजही माझ्याशी बोलत नाही आणि ते मला सलतं. पण कागदात एक गोष्ट नव्हती. 'गॅप' हा शब्द कुणाच्या तोंडून गेला, ते लॉगमध्ये येत नाही. साहेबांसमोर मी फाइलींची चूक कबूल केली, फोनचं बोललो नाही. भावानेही पोलिसांना माझं नाव सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते मी त्याला विचारू शकलो नाही.

पुढच्या एका पाळीला मी व्हॉल्व्हपाशी गेलो. लाइनमनचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. मला बघून त्याने डावा हात कपाळाला लावला. "साहेब, तुमच्या कागदानं माझं इमान राखलं."

मला ते सोसलं नाही. मी सांगून टाकलं. भावाचा फोन, माझा राग, तो शब्द, आणि त्या शब्दाचा मला अभिप्रेत असलेला फालतू अर्थ.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की मी खड्ड्याच्या कडेला बसलोच. त्याचा हात पुन्हा वर गेला. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबले. त्यांच्याकडे बघून त्याने तो हात खाली घेतला.

"मेंढराला बी कुनी आसं मारत नाय, साहेब," तो म्हणाला. "सोळा जनांनी मारलं मला. मी मोजली व्हती मानसं. तुमी सतरावे."

 

त्याने घड्याळात बघितलं आणि चावी पायाने माझ्याकडे ढकलली. "उठा. अकरा वाजले. माझ्या एका हातानं व्हत नाय."

मी उठून चावी व्हॉल्व्हला लावली. कान वाजत होता. "कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"बंद व्हाया हलकं, उघडाया जड. जिकडं जड जाईल तिकडं," तो म्हणाला.