लाल खुणेची अकरा घरं

खडूबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नसे. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, बोटांना कायम खडू, म्हणून खडूबाई. टापटीप तर अशी, की टेबलावरचं डस्टर जागचं हललं तरी कपाळाला आठी. या टापटिपीनंच घात केला. एकट्या बाईंचा केला असता, तर म्हटलं असतं, भोगा आपल्या कर्माची फळं.

शाळा अल्पसंख्याकांची, त्यांच्याच भाषेतली. बाईही त्यांच्यातल्याच. सरकारला ती बंद करायची होती. बाहेरच्या देशांनी जुना करार पुढे केला: शहरात पाचातला एक माणूस त्या भाषेचा असेल, तर शाळा चालवावीच लागेल. मंत्री रेडिओवरून गरजले, "आमच्या घरात नाक खुपसणारे तुम्ही कोण?" वर्षभर हमरीतुमरी झाली आणि शेवटी ठरलं, शिरगणती करा. ज्यानं त्यानं आपली भाषा आपणच लिहायची, पाकीट चिकटवायचं, आणि ते उघडायचं फक्त परदेशी निरीक्षकांसमोर. कुठल्या घरानं काय लिहिलं, हे कुणाला कळता कामा नये. नदीपलीकडच्या शहरात अशीच एक यादी फुटली होती, आणि यादीतली दुकानं एका दुपारीत जळाली होती.

आता मोजायला कोण? मास्तर लोक! सरकारी काम निघालं की ते मास्तरांच्या गळ्यात, हे काही चुकत नाही.

फॉर्म दोन भाषांत होते. मागेल त्याला मागेल तो द्यायचा. पण मागणार कोण? जो तो जीव मुठीत धरून बसलेला. "आम्हाला सरकारी भाषेतलाच द्या हो," असं दाराच्या फटीतून सांगून लोक कडी लावून घेत. बाईंच्या वॉर्डात अल्पसंख्याकांची साठ घरं. शाळेच्या भाषेतला फॉर्म मागितला अकरांनी. त्यात एक बाईंचं स्वतःचं.

पुन्हा दुरुस्तीच्या फेरीला आलं की कुठल्या दारी कुठला फॉर्म न्यायचा, याचा घोळ नको, म्हणून बाईंनी काय करावं? सगळ्या दारांवर पांढऱ्या खडूनं नंबर घातले, आणि त्या अकरा दारांवर लाल खडूनं. वर्गात चुका लाल, तसं. मनात पाप नव्हतं हो, पण डोक्यात अक्कलही नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी बाई भाजी घेऊन परतत होत्या. मोटारसायकलवरून दोन माणसं गल्लीत शिरली. एका दारापाशी थांबली, फोटो काढला, चार दारं सोडून पुन्हा थांबली. लाल. पुन्हा लाल. "अगं बाई, मीच दाखवून दिलं की गं यांना!" त्या ओला फडका घेऊन धावल्या, अकराही दारं पुसली. पण फोटो थोडेच पुसता येतात?

त्याच संध्याकाळी गणनेच्या साहेबांनी सगळ्या मास्तरांना बोलावलं. निरीक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बाई, तुमच्या खुणांचे फोटो आलेत माझ्याकडे," साहेब गोडीत म्हणाले. "छान पद्धत. लाल म्हणजे काय, जरा सांगा ना सगळ्यांना."

सगळे मास्तर खाली बघायला लागले. आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "लाल म्हणजे... घरात कुत्रं आहे, साहेब. जपून जावं लागतं."

सभागृह हसलं. साहेबही हसले. "असं होय? उद्या दहाला येतो मी. बघू तुमची कुत्री."

झालं! अकरांपैकी तिघांकडे कुत्री होती. उरलेल्या आठांसाठी बाईंनी उकिरड्यावरची मोकाट कुत्री पावाच्या तुकड्यांवर गोळा केली. लोकांनी ती मुकाट्यानं आत घेतली. कुणी बाईंना बोल लावला नाही, आणि त्यानं बाईंना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राहिलं शेवटचं घर. तिथं बाईंचे चुलतसासरे, शाळेचे जुने हेडमास्तर, एकटे राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना दारातच उभे राहिले.

"मी माझी भाषा लिहिली. चोरी नाही केली. कुत्रं आणायचं नाही माझ्या दारात. विचारू दे त्याला, तोंडावर सांगतो."

"अहो नाना, पाया पडते. एक दार खोटं ठरलं की दहाही उघडी पडतात. लेकराबाळांची घरं आहेत हो!"

"जा तू," नाना म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दहाच्या ठोक्याला साहेब आले, बरोबर मोटारसायकलवाले दोघे. पहिल्या दारी कुत्रं भुंकलं, दुसऱ्या दारीही. सहाव्या घरचं मोकाट कुत्रं मात्र शेपटी हलवत साहेबांच्या बुटाला चाटायला लागलं. त्यांनी ते कुरवाळलं आणि बाईंकडे बघितलं. आपलं स्वतःचं घर कसं पार पडलं, हेही बाईंना कळलं नाही.

मग नानांचं दार. साहेबांनी काठीनं ठोठावलं. आत चिडीचूप. पुन्हा ठोठावलं. आता नाना उघडणार, आता बोलणार. बाईंनी डोळे मिटून घेतले.

दाराला लागूनच आतून भुंकणं आलं.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मध्येच खोकला आला, तो कसाबसा दाबला, आणि भुंकणं पुन्हा सुरू झालं. हाच आवाज वीस वर्षं शाळेच्या पटांगणात घुमायचा, आणि पोरं जागच्या जागी ताठ व्हायची.

मोटारसायकलवाले एकमेकांकडे बघून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हातारं दिसतंय. किती भुंकतंय! तुमच्या ओळखीचं असेल ना, बाई? गप्प करा त्याला."

लग्न होऊन आल्यापासून बाईंनी ज्यांच्यासमोर मान वर केली नव्हती, ज्यांना 'अहो नाना'शिवाय हाक मारली नव्हती, त्यांच्या दाराला तोंड लावून त्या म्हणाल्या, "गप रे. बस झालं. गप बस."

आतला आवाज थांबला.