झोपवलेले इंजन

सांगवीच्या शिवारात मे महिन्याचे ऊन सकाळी नऊलाच अंगावर येते. नौशीनने गाडी चिंचेखाली उभी करेपर्यंत तिचे आजोबा दार उघडून उतरलेही होते. त्र्याऐंशी वर्षांचे बादशाह मिस्त्री इंदापुराहून दीड तास गाडीत बसून आले होते; पण पाय मोकळे करणे नाही की पाणी मागणे नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते थेट शेततळ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीकडे चालू लागले.

निरोप आदल्या संध्याकाळी सांगवीहून आला होता. तिथल्या तरुण शेतकऱ्याने, इंद्रजितने, शेडनेटमध्ये उसाची चाळीस हजार रोपे वाढवली होती. ती दोन पानांवर आली होती आणि महिन्याभरात शेतकरी ती घेऊन जाणार होते. चार दिवसांपूर्वी शिवारातला विजेचा डीपी जळाला. नवा कधी बसेल ते कुणी सांगत नव्हते. भाड्याचे जनरेटर लग्नसराईत अडकलेले. शेततळे भरलेले होते, पण त्यातले पाणी उचलायला साधन नव्हते. घरातली माणसे बादल्यांनी ट्रे भिजवून दमली होती. आणखी एक दुपार कोरडी गेली तर रोपे हाती लागणार नव्हती. तेव्हा इंद्रजितच्या आजीला, मुक्ताबाईंना, पत्र्याच्या खोलीतले जुने डिझेल इंजन आठवले. “बादशाहभावजींना बोलवा,” एवढेच त्या म्हणाल्या.

ते इंजन एकतीस वर्षे चालले नव्हते.

नौशीन पुण्यात एका कंपनीत इंजिनांच्या चाचण्या घेते. तिने ते पाहिले आणि मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. चाकांवर तांबूस गंज होता, पाण्याच्या टाकीत चिमण्यांची काडीकाटकी होती, पट्टा तुटून लोंबत होता. इंद्रजितने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिने नजर दुसरीकडे वळवली.

बादशाह मिस्त्रींनी, घरात सगळे त्यांना आबाच म्हणत, धुराच्या नळीत बोट घातले आणि एक लाकडी बूच ओढून काढले. बुचाला गुंडाळलेले फडके अजून तेलकट होते. ते त्यांनी नौशीनच्या नाकापाशी धरले.

“एरंडेल?” ती म्हणाली.

“हिंदुराव आन् मी, दोघांनी मिळून झोपवलं होतं ह्याला. विजेची मोटर आली त्या वर्षी. आत तेल सोडलं, व्हॉल्व्ह मिटवलं, पाणी काढून टाकलं. त्यो म्हणला, भंगारात घालू. मी म्हणलं, घरात राबलंय, झोपू दे.”

मग त्यांनी मोठ्या चाकाला दोन्ही तळवे लावले. काही क्षण नुसतेच उभे राहिले, जणू चाकाची परवानगी मागत होते. त्यांनी अंग टाकले आणि चाक बोटभर सरकले. आत कुठेही अडखळ नव्हती. नौशीनने आपला निकाल गुपचूप मागे घेतला.

या इंजनाशी आबांचा संबंध हिंदुरावांच्या, म्हणजे इंद्रजितच्या आजोबांच्या, लग्नापेक्षा जुना होता. सांगवीत त्यांच्या वडिलांची तीन एकर जमीन हिंदुरावांच्या बांधाला लागून होती. १९५९ साली हिंदुरावांच्या वडिलांनी हे इंजन आणले तेव्हा आबा सतरा वर्षांचे होते. पहिल्यांदा ते बंद पडले तेव्हा बारामतीच्या मिस्त्रीला यायला चार दिवस लागणार होते. या मुलाने आईची चादर जमिनीवर पसरली आणि एकेक भाग काढून, ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने, चादरीवर अर्धवर्तुळात मांडला. संध्याकाळी उलट्या क्रमाने सगळे जागेवर गेले आणि इंजन चालले. पुढे सुप्याची नूरजहाँ घरात आली. पोटासाठी दोघे इंदापूरला गेले. हमरस्त्यालगतच्या गॅरेजात ट्रक, ट्रॅक्टर, जे येईल ते आबांच्या चादरीवर उलगडत गेले. धाकट्या लेकीची, शबीनाची, बारावीची परीक्षा बारामतीला होती तेव्हा तीन आठवडे त्यांनी गॅरेज बंद ठेवले, बारामतीतल्या कुणाच्या तरी शेडमध्ये काम धरले आणि रोज पेपर सुटायच्या वेळी केंद्राच्या फाटकाशी काळ्या हातांनी उभे राहिले. ते तीन आठवडे सोडले तर साठ वर्षांत एक गोष्ट कधी बदलली नाही. दुपारचे जेवण ते घरी, नूरजहाँबरोबर घेत. गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी.

आजही निघताना ते बायकोला सांगून आले होते, “जेवायला येतो.”

तासाभरात चादर भरली. नोझल, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, डिझेलचा पंप. इंद्रजितने नवा पट्टा आणला, शेततळ्यात पाइप सोडला. अकराला सगळे जागेवर गेले आणि आबांनी हात पुढे केला.

“हँडल.”

इंजन फिरवायचे लोखंडी हँडल गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगले होते, हे त्यांना पक्के आठवत होते. आढ्याला गोणपाट होते, हँडल नव्हते. मग शोधाशोध सुरू झाली. माळा, गोठा, खताच्या गोण्या, जुनी बैलगाडी. इंद्रजित म्हणाला, “बारामतीच्या भंगारवाल्याकडं बघून येतो.” आबांनी मान हलवली. दुसऱ्या इंजनाचे हँडल या दांड्याला बसले नसते. शेडनेटच्या कडेची रोपे आता टोकांशी पिवळी पडू लागली होती.

अंगणात मुक्ताबाई म्हशीला वैरण टाकत होत्या. आबा तिकडे गेले आणि म्हशीसमोर उकिडवे बसले. बराच वेळ तिच्या खुंट्याकडे पाहत राहिले.

“वैनी, तुमची म्हस इंजनाला बांधलीय.”

मुक्ताबाईंनी वैरण खाली ठेवली. “काय बोलताय भावजी?”

जमिनीतून वर आलेला आडवा दांडा दाव्याने घासून चांदीसारखा चमकत होता. हँडलच ते.

“ह्यांनी ठोकला हो त्यो खुंटा,” मुक्ताबाई म्हणाल्या. “लाकडाचा म्हयनाभर टिकायचा न्हाय. ह्यो एकोणीस वरसात तसूभर हलला न्हाय. चार म्हशी झाल्या ह्याच्यावर.”

“मला म्हणला, जपून ठेवलंय हँडल.”

“मग? जपलंच की. चोरानं नेलं का?”

आबा हसले. हिंदुरावांना जाऊन चार वर्षे झाली होती. त्या हसण्यात ते क्षणभर अंगणात येऊन गेले असावेत.

खुंटा उपटायला तिघे लागले. जमिनीत गेलेले टोक गंजून फुगले होते. आबांनी ते चुलीत तापवले, ऐरणीऐवजी जात्याच्या तळीवर ठोकले आणि कानशीने घासत बसले. दर पाच मिनिटांनी उठून इंजनाच्या दांड्याला लावून पाहायचे, परत घासायचे. दीड वाजला. दोन वाजले. मुक्ताबाईंनी भाकरी आणली. “घरी सांगून आलोय,” म्हणून त्यांनी ती परत पाठवली.

अडीचला हँडल बसले. इंद्रजितने आणि गड्याने मिळून ते फिरवायला घेतले. आबा व्हॉल्व्ह उचलून धरणाऱ्या कळीवर बोट ठेवून उभे राहिले. चाकांनी वेग घेतला, कळ पडली. एक ठोका. दुसरा. काळ्या धुराचा लोट उठला आणि इंजन बंद पडले. पुन्हा फिरवले. या वेळी ते चालले, पण लंगडत, आणि पाइपातून नुसती हवा येत राहिली.

नौशीन आबांच्या पाठीमागे उभी होती. “आबा, पट्टा सरकतोय,” ती म्हणाली. ते वळले नाहीत. ती मोठ्याने म्हणाली, मग ओरडली. इंजनाचा आवाज मोठा होता खरा. पण तिच्याहून दूर उभ्या असलेल्या इंद्रजितने ते ऐकले आणि धावत येऊन पट्टा सावरला. आबांना मात्र तो समोर आला तेव्हाच काय झाले ते कळले.

तिने आबांकडे पाहिले. त्यांनी पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचे टोक इंजनाच्या डोक्यावर टेकवले आणि लाकडी मूठ दातांत धरली. डोळे मिटले. टोक दोन बोटे डावीकडे नेले. पुन्हा मिटले. शाळेत असल्यापासून तिने हे शंभरदा पाहिले होते आणि ती आबांची लकब समजत आली होती. कानाला लावायची वस्तू हा माणूस दातांत का धरतो, हे तिने कधी विचारले नव्हते. घरात दादी त्यांना कधीच स्वयंपाकघरातून हाक मारत नाही, उठून समोर येते; गॅरेजात गिऱ्हाईक बोलत असताना चहाचे निमित्त करून शेजारी बसून राहते. हे सगळे तिला त्या पत्र्याच्या खोलीत एकदम दिसले.

“नोझल थेंब गाळतंय,” आबा म्हणाले. “बंद करा.”

नोझल निघाले. पितळी ब्रशची एक तार उपटून त्यांनी केसाएवढी भोके साफ केली, नोझल फुंकले, परत बसवले. पंपात वरून पाणी भरले. नौशीन त्यांच्या बोटांकडे पाहत होती. तिच्या कंपनीत एका इंजिनाला अठरा संवेदक चिकटवतात आणि दोन संगणक त्यांचे म्हणणे लिहून घेतात.

तिसऱ्यांदा कळ पडली आणि ठोके जुळले. जड, सावकाश, एकसारखे. खोलीचा पत्रा थरथरू लागला. आबा बाहेर आले आणि वाकून शेडनेटकडे जाणाऱ्या पाइपावर त्यांनी तळवा ठेवला. तिकडचे टोक अडीचशे फुटांवर होते. सगळे तिकडे पाहत उभे होते.

“निघालं,” आबा म्हणाले.

चार-पाच श्वासांनंतर तिकडच्या टोकाला उभ्या असलेल्या मुक्ताबाईंनी हात वर केला. लुगड्याखालचे त्यांचे पाय भिजले होते. फवाऱ्यांनी एकदा माती थुंकली आणि मग पाणी ट्रेंवर पसरले, रांगेमागून रांग.

इंद्रजित धावत गेला. नौशीन मात्र खोलीत परतली. स्क्रूड्रायव्हर तिथेच होता. तिने टोक इंजनावर टेकवले, मूठ दातांत धरली आणि दोन्ही हातांनी कान बंद केले. डोक्याच्या हाडांतून इंजन तिच्या आत चालू लागले. व्हॉल्व्हची उघडझाप वेगळी, दांड्याचा फेर वेगळा, नोझलची बारीक टिकटिक वेगळी. ती किती वेळ तशी उभी होती, तिला कळले नाही.

मग तिने बाहेर येऊन घरी फोन लावला.

“झालं का चालू?” नूरजहाँबीने विचारले.

“झालं. दादी, आबांना ऐकू…”

“बारा वरसं झाली,” दादी शांतपणे म्हणाली. “तुझ्या बापाला सांगू नको, गॅरेज बंद करंल. जेवले का?”

“नाही. तू?”

“ते आल्याबिगर कशी जेवू?”

सव्वाचार वाजले होते. आबा चादरीवरची हत्यारे पुसून पिशवीत भरत होते, ज्या क्रमाने काढली त्याच्या उलट. नौशीन त्यांच्या समोर जाऊन बसली, त्यांची नजर वर येईपर्यंत थांबली, आणि पाची बोटे जुळवून तोंडाकडे नेली.

आबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग पिशवी तिच्या हातात दिली आणि गाडीकडे चालू लागले.