जमिनीवरचा संगणक

आमच्या आश्रमशाळेत नवा शिक्षक आला की त्याला अजूनही एक गोष्ट सांगतात. एका संगणक शिक्षकाने होळीच्या पाळणीच्या व्रतात संगणक जमिनीवर मांडला, आत धूळ जाऊन इंटरनेट बंद पडलं, मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज बुडता बुडता वाचले आणि त्या शिक्षकाची नोकरी गेली. नोकरी गेली हे खरं आहे. इंटरनेट मात्र धुळीने बंद पडलं नव्हतं, ते मी बंद पाडलं होतं. मी तेव्हा तिथला मुख्याध्यापक होतो.

शाळा काठी गावाच्या पुढे, सातपुड्यात. मी सपाटीवरचा, नंदुरबारजवळच्या गावचा. संगणक शिक्षक त्याच डोंगरातला, शाळेपासून चालत जाता येईल अशा पाड्यावरचा. तो करारावर होता. जूनमध्ये करार पुन्हा व्हायचा आणि संस्थेचे सचिव तो माझ्या शब्दावर करायचे. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

त्या वर्षी त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं. दोघं जीव वाचले, म्हणून त्याच्या आईने नवस बोलला की आपला मुलगा होळीला पाळणी धरील. पाळणी धरलेला माणूस होळी होईपर्यंत अनवाणी राहतो, दुसऱ्याच्या हातचं खात नाही, कोणाशी भांडत नाही, खाटेवर बसत नाही. त्याच्या घरच्या रितीत खुर्चीही चालत नव्हती. अर्जांची मुदत नेमकी त्याच दिवसांत आली. रजा न घेता त्याने सतरंजी अंथरली, टेबलावरचा संगणक खाली घेतला आणि मांडी घालून कामाला बसला.

आमचे लिपिक माझ्याच भागातले, माझ्याशी अहिराणीतच बोलायचे. ते दारातून म्हणाले, "सर, हाई काय नवं? आते आपली शाळा बी जमीनवर भरी का?"

शिक्षक हसला. म्हणाला, "भाऊ, पोरं जमिनीवर बसून शिकली, संगणकाला काय होतं?"

संगणक जुना, विंडोज सेव्हनवर चालणारा. छतावरच्या अँटेनातून आलेली वायर त्याच्या पाठीमागे लागलेली. फोनला शाळेत रेंज नव्हती. ती मागच्या टेकडीच्या माथ्यावर जाऊनच मिळायची. अर्जांची वेबसाइट फोनवर उघडायची, पण फॉर्म पुढे सरकायचा नाही. म्हणजे सगळं त्या एका वायरवर अवलंबून होतं आणि त्या आठवड्यात नेट सारखं तुटत होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी शिक्षक स्वतःची भाकर थापायला शाळेच्या मागे गेला. काही अर्ज राहिले होते. पाच वाजता लिंक बंद होणार होती. मी एकटाच खोलीत होतो. नंदुरबारला गेलो असताना मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. नेट तुटत असेल तर नेटवर्क अॅडॅप्टर, म्हणजे नेटचं कार्ड, यादीतून काढून टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा, विंडोज तो स्वतःच बसवून घेतं, असं त्यात सांगितलं होतं. लिपिक मला नेहमी चिडवायचे, "सर, तुम्ही माऊसले हात लावा का तो बी राजीनामा देस." शिक्षक येईपर्यंत नेट सरळ करून दाखवावं, एवढंच माझ्या मनात होतं.

मी गुडघे धरत सतरंजीवर बसलो आणि संगणकाच्या भागांची यादी दाखवणारं डिव्हाइस मॅनेजर उघडलं. अॅडॅप्टरवर गेलो. ड्रायव्हर म्हणजे नेटचं कार्ड आणि विंडोज यांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणणारा छोटा प्रोग्राम, एवढं मला कळत होतं. त्याच्या माहितीत एक जुनं वर्ष लिहिलेलं दिसलं. किती जुना हा, असं मनात येऊन गेलं. मग काढून टाकण्याचं बटण दाबलं. संगणकाने पासवर्ड मागितला. तो शिक्षकाला आणि मला, दोघांनाच माहीत होता. मी तो घातला. समोर एक चौकट आली, खाली एक रिकामा चौकोन. ड्रायव्हरची फाइलही पुसायची का, असं तो विचारत होता. काढायचंच आहे तर पुरतं काढू, म्हणून मी चौकोनात खूण केली.

संगणक पुन्हा सुरू झाला, पण विंडोजने काहीच बसवलं नाही. बसवणार कशातून? फाइल मीच पुसली होती. नेटच्या चिन्हावर लाल फुली आणि यादीत त्या कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. मी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. त्रिकोण तिथेच. बाहेर पावलं वाजली तसा मी उठून माझ्या खुर्चीत जाऊन बसलो.

तो आला, खाली बसला आणि लगेच म्हणाला, "सर, नेट गेलं."

"हो का?" मी म्हणालो.

माझं खोटं या दोन शब्दांपासून सुरू झालं.

त्याने वायर काढून पुन्हा लावली. यादी उघडली. बराच वेळ त्रिकोणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बिघडलेला दिसत नाही. ड्रायव्हर काढून टाकलाय. हे आपोआप होत नाही."

तेवढ्यात लिपिक आत आले. "मी तं आधीच सांगेल व्हतं, सर. जमीनवर ठेवं ना, धूळ गयी मजार."

"धुळीने ड्रायव्हर जात नाही, भाऊ."

"मंग काय उंदीरनी खादा?"

शिक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळत होतो. संगणक मागच्या तारखेला परत नेण्याची सोय असते, ती शिक्षकाने पाहिली. डिस्कवर जागा उरावी म्हणून ती कधीच बंद केलेली होती. मग त्याने संगणकासोबत आलेली सीडी मागितली. लिपिक कपाटाकडे न जाता खिडकीकडे गेले आणि बाहेर बोट दाखवलं. शाळेच्या परसात वालाच्या वेलावर ती सीडी दोरीने टांगलेली होती, पाखरं येऊ नयेत म्हणून. उन्हाने तिची चकाकी सोलून निघाली होती.

जीप करून तालुक्याला जावं तर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस. वरून येणारी प्रत्येक जीप टपापर्यंत भरलेली. तोवर तीन वाजत आले होते.

शिक्षकाने कार्डाचा क्रमांक स्क्रीनवरून पेनने तळहातावर उतरवला. "टेकडीवर जाऊन फोनवर ड्रायव्हर उतरवतो आणि केबलने यात घालतो," तो म्हणाला. दारात थांबून त्याने विचारलं, "आधीचा कोणत्या वर्षाचा होता, कोणाला आठवतं का? या कार्डाचे ड्रायव्हर दोन-तीन प्रकारचे आहेत. चुकीचा घेतला तर पुन्हा वर जावं लागेल."

मला ते वर्ष आठवत होतं, थोड्याच वेळापूर्वी वाचलेलं. पण सांगितलं असतं तर ते मी कधी पाहिलं, हेही सांगावं लागलं असतं.

"मला काय कळतं त्यातलं," मी म्हणालो.

तो गेला. होळीच्या सुमाराचं ऊन, टेकडीवर नुसते काळे दगड आणि त्याच्या पायांत काही नाही. मी खिडकीतून पाहत होतो. तो चालत नव्हता, दगडावरून दगडावर पाय उचलून टाकत होता. माथ्यावर फोन धरून इकडून तिकडे फिरला, मग एका जागी स्थिर झाला. लिपिक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. "पोऱ्या कष्टाळू शे," ते म्हणाले. "पण हट्टी शे."

खाली आला तेव्हा तो घामाने निथळत होता. केबल लावली, ड्रायव्हर बसवला, संगणक पुन्हा सुरू केला. आम्ही तिघेही स्क्रीनकडे बघत होतो. पिवळा त्रिकोण गेला नव्हता. उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड दहा, असं खाली आलं.

"नवा घेतला मी," तो म्हणाला. "जुना पाहिजे होता." तो उठला तेव्हा त्याच्या टाचेचा ओला डाग सतरंजीवर राहिला. पाणी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तो परत टेकडी चढायला लागला.

अजूनही वेळ होता. त्याला हाक मारून वर्ष सांगता आलं असतं, निदान दुसरी खेप तरी नेमकी झाली असती. मी खिडकीपर्यंत गेलो, तिथून परत फिरलो.

दुसऱ्या खेपेला त्याने असतील तेवढे सगळे जुने ड्रायव्हर आणले. पहिल्याने त्रिकोण राहिला. दुसरा बसवला आणि त्रिकोण गेला, लाल फुलीही गेली. तो अर्ज भरत सुटला. शेवटचा अर्ज गेला तेव्हा वेबसाइट अजून उघडी होती. लिपिकांनी टाळी वाजवली. त्याने पाय लांब केले आणि भिंतीला डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी सचिव आले. पोरींचे अर्ज बुडता बुडता राहिले, हे त्यांच्या कानावर गेलेलं होतं. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?"

लिपिकांनी सतरंजीकडे हात केला. "साहेब, संगणक जमिनीवर ठेवला होता."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. "मुख्याध्यापक, हे खरं?"

शिक्षक समोरच उभा होता. पासवर्ड दोघांनाच माहीत आहे, हे तो विसरला नव्हता. त्याने तोंड उघडलं असतं तर मी तिथेच पकडला गेलो असतो. तो बोलला नाही. त्याची पाळणी होती, भांडण करता येणार नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि मी त्याचाच आधार घेतला.

"जमिनीवर ठेवायला नको होता," मी म्हणालो.

हे वाक्य मी इतकी वर्षं जपलं, कारण ते वरवर खोटं नव्हतं. सचिवांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. जूनमध्ये त्याचा करार झाला नाही. मी निवृत्त होऊन गावी आलो. तो नवापूरला एका पोल्ट्रीत संगणकावर काम करायला लागल्याचं कळलं.

गेल्या वर्षी मी नवापूरला त्याच्याकडे गेलो. ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून सगळं सांगितलं, चौकोनातल्या खुणेपर्यंत.

"सर, मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "मला सांगून काय उपयोग? आईला सांगा."

"आईला?"

"तिला वाटतं, तिच्या नवसाने माझी नोकरी गेली. नवस म्हणून पाळणी, पाळणी म्हणून संगणक खाली. मी पुष्कळ सांगितलं, पण ती म्हणते, तू माझं मन राखायला बोलतोस. त्यानंतर तिने घरात कोणाला पाळणी धरू दिली नाही. होळीला मी घरी असतो. तेव्हा या."

मी इतकी वर्षं फक्त त्याचा विचार केला होता. या बाईचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या अंगणात पोचलो. म्हातारी दाराशी बसून होती. तिला मराठी येत नाही, मला तिची बोली येत नाही. तिथे इतकी वर्षं नोकरी केली आणि शिकलो नाही. त्यामुळे मी सांगायचं आणि त्याने तिला सांगायचं, असं ठरलं. मी म्हणालो, नेट मी बंद पाडलं. त्याने ते तिच्या बोलीत सांगितलं. मी म्हणालो, ड्रायव्हरचं वर्ष मला माहीत होतं आणि मी याला उन्हात दोनदा वर जाऊ दिलं. इथे तो थांबला. हे त्याला माहीत नव्हतं, नवापूरलाही मी एवढं गाळलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. मग तेही तिला सांगितलं.

म्हातारीने काही विचारलं.

"ती विचारते, जमिनीने काही केलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "जमिनीचा काही संबंध नव्हता. नवसाचाही नाही."

तिने आणखी विचारलं.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मी सचिव, लिपिकांची थट्टा, निवृत्ती जवळ आलेली, असं बरंच बोलत गेलो. मी थांबल्यावर त्याने आईला फक्त एक शब्द सांगितला. कोणता, ते मी विचारलं नाही.

म्हातारी उठून आत गेली. तिचा नातू, त्या नवसाचा मुलगा, तिच्या मागे गेला. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, तिचं सावकाश, त्याचं भराभर. मला जायला कोणी सांगितलं नाही आणि थांबायलाही नाही. अंगणात खाट होती. मी जमिनीवर बसलो होतो, तसाच बसून राहिलो.

"ती काय म्हणते?" मी शेवटी विचारलं.

"पुढच्या वर्षी पाळणी धरशील का, विचारते त्याला," तो म्हणाला.